बदलते दप्तर आणि दप्तरातला माणूस

कोणतीही संस्था बदलावयाची म्हटली की आपण प्रथम वस्तूंचा विचार करतो. नवे कपाट, नवे नमुने, नवे यंत्र, नवे नियम. खर्च किती येईल, जागा कोठे मिळेल, कोणत्या तारखेपासून आरंभ करावयाचा, यावर सभेत तास दोन तास चर्चा चालते. परंतु जो माणूस काल संध्याकाळपर्यंत जुन्या पद्धतीने काम करीत होता, त्याला उद्या सकाळी काय वाटेल, हा प्रश्न विषयपत्रिकेवर सहसा नसतो.

आपल्या ट्रस्टने या सुवर्णमहोत्सवी वर्षात सभासदांची नोंद, विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्या आणि वसतिगृहाचा हिशेब हे सारे संगणकावर नेण्याचे ठरविले आहे. निर्णय योग्य आहे. त्या सभेत हात वर करणाऱ्यांपैकी मीही एक होतो. पण घरी आल्यावर मला दोन माणसे आठवली. एक माझे आजोबा, आणि दुसरे एका शाळेतले कारकून. पहिल्यांनी बदल सोसला. दुसऱ्यांच्या बाबतीत चूक माझ्या हातून झाली. त्या दोघांच्या निमित्ताने हा विषय जरा अभ्यासून आपल्यापुढे ठेवीत आहे. शिक्षकाचा लेख असल्यामुळे त्यात थोडी शाळा येईल, ती वाचकांनी गोड मानून घ्यावी.

आपल्या भागाने थोड्या वर्षांत जितके दप्तरी बदल पाहिले, तितके फार थोड्या प्रदेशांच्या वाट्याला आले असतील. निजामी राज्यात १८८४ च्या सुमारास फारसी जाऊन कचेरीत उर्दू आली. पुढे साठ-पासष्ट वर्षे अर्ज, मिसल, निवाडा, पावती सर्व उर्दूत. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात तर वैद्यक आणि कायदासुद्धा उर्दूतून शिकवीत. म्हणजे घरी मराठी, कन्नड किंवा दखनी बोलणारा भालकीचा मुलगा नोकरीसाठी उर्दू शिके, आणि एकदा शिकला की त्याच्या पोटापाण्याची काळजी मिटे. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले. त्या दिवसांच्या आगेमागे येथील सर्वच समाजांनी जे सोसले त्याचा हा लेख नव्हे. मी फक्त कचेरीच्या टेबलापुरते बोलतो. त्या टेबलावर काय काय बदलले पाहा. उर्दू जाऊन प्रथम इंग्रजी आली. फसली सन आणि त्याचे आजूर, दै, बहमन हे महिने जाऊन जानेवारी-फेब्रुवारी आले. १९४९ साली जहागिरी रद्द झाल्या, आणि जहागिरीच्या गावांचे निराळे दप्तर सरकारी दप्तरात येऊन पडले. हाली सिक्क्याच्या जागी कल्दार रुपया आला. सात हाली म्हणजे सहा कल्दार, आणि शंभर कल्दारांचे एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली. हे गणित कारकुनाने उभ्या उभ्या करावे अशी अपेक्षा असे!

ते अंगवळणी पडते न पडते तोच १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली आणि बीदर जिल्ह्याचे तीन वाटे झाले. उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके मुंबई राज्यात गेले. नारायणखेड व जहीराबादकडचा भाग आंध्र प्रदेशात गेला. भालकीसह उरलेला जिल्हा म्हैसूर राज्यात आला. हैदराबादकडे तोंड करून बसलेले दप्तर बेंगळुराकडे वळले. पाच महिन्यांनी, १ एप्रिल १९५७ रोजी, आणे-पै जाऊन नवे पैसे आले. त्यामागोमाग शेर-तोळे जाऊन किलो-ग्रॅम आले. आणि १९६३ च्या राजभाषा कायद्याने कन्नड ही राज्याची अधिकृत भाषा झाली. एका माणसाच्या एकाच नोकरीत लिपी, लिहिण्याची दिशा, सन, नाणे, माप, राजधानी आणि वरिष्ठ, सर्व काही बदलले. बदलले नाही ते एक टेबल, आणि त्यामागे बसलेला माणूस.

माझे आजोबा अशाच एका कचेरीत कारकून होते. आम्ही त्यांना दादा म्हणत असू. १९४८ साली ते तिशीचे होते, आणि त्यांचे शिकस्ता अक्षर इतके नावाजलेले होते की शेजारच्या तालुक्यातून लोक अर्ज लिहवून घ्यावयास येत. शिकस्ता म्हणजे उर्दू-फारसीचे धावते अक्षर. आपल्या मोडीसारखे ते लिहिणाऱ्याला सोपे आणि वाचणाऱ्याला अवघड. बदल झाला तेव्हा त्यांना कोणी कामावरून काढले नाही, पगारही कमी केला नाही. वरिष्ठांनी इतकेच केले की त्यांच्यापुढील मिसली उचलून नव्या, इंग्रजी शिकलेल्या मुलाच्या टेबलावर ठेवल्या आणि दादांना आवक-जावक टपालाच्या नोंदीवर बसविले. दादा म्हणत, "तीस बरस की उमर में मैं फिर अलिफ-बे पे आया." हे सांगताना त्यांच्या आवाजात राग नसे, पण ते वाक्य त्यांनी मला निदान दहा वेळा ऐकविले असेल. चाळीस वर्षांनंतरही!

येथे थोडे थांबले पाहिजे, कारण साऱ्या विषयाचे मूळ येथे आहे. आपण म्हणतो, "जुनी माणसे हट्टी असतात, त्यांना नवे नको असते." मला हे निदान पुरते पटत नाही. दादांना इंग्रजीचे वावडे नव्हते. पुढे ते रात्री कंदिलाजवळ बसून प्रायमर घोकीत. त्यांना सलले ते निराळेच. ज्या कामात लोक त्यांना विचारावयास येत, त्याच कामात त्यांना आता दुसऱ्याला विचारावे लागे, आणि तेही वयाने दहा वर्षांनी लहान असलेल्या मुलाला. पगार तोच, खुर्ची तीच, पण जाणता माणूस एका रात्रीत अजाणता झाला. या दुःखाला कोणत्याही सरकारी नियमात रकाना नाही. राज्य पुनर्रचना कायद्याच्या ११५ व्या कलमाने दुसऱ्या राज्यात गेलेल्या नोकरांच्या सेवाशर्तींना संरक्षण दिले होते. केंद्राच्या पूर्वसंमतीवाचून त्या त्यांच्या तोट्याच्या होतील अशा बदलावयाच्या नाहीत असे त्यात आहे. तरीसुद्धा जुने म्हैसूर, मुंबई, हैदराबाद, मद्रास आणि कूर्ग अशा पाच कारभारांतून एकत्र आलेल्या नोकरांच्या ज्येष्ठतेच्या याद्यांवरून तंटे वर्षानुवर्षे चालले, न्यायालयांपर्यंत गेले. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, एका यादीत नाव चौथे की अकरावे एवढ्यासाठी माणसे भांडतात काय? पण ज्याची ओळखच त्या यादीवर उभी आहे त्याने दुसरे काय करावे?

दादांचे दिवस पालटले ते पुनर्रचनेनंतर. दक्षिणेकडून बदलून आलेले एक अधिकारी, त्यांना उर्दूचे अक्षर येत नव्हते, पण जमिनीच्या एका जुन्या वादात उर्दू मिसल वाचल्याखेरीज निकाल देणे शक्य नव्हते. त्यांनी दादांना बोलाविले, समोर खुर्ची दिली आणि मोडक्या हिंदुस्थानीत म्हणाले, "मुन्शीसाहेब, आपण वाचा, मी ऐकतो." दोन दिवस वाचन चालले. तिसऱ्या दिवशी त्यांनी दादांना एक कोरी वही दिली आणि सांगितले की कचेरीतले उर्दू शब्द एका बाजूस लिहा, दुसऱ्या बाजूस आपला कन्नड कारकून कन्नड शब्द लिहील, रोज कचेरी सुटल्यावर एक तास. तो कन्नड कारकून पोरगेलासा होता. तो दादांना चाचा म्हणे. त्याला जुने दप्तर वाचता येत नव्हते, यांना नवे लिहिता येत नव्हते. दोघेही अडलेले, म्हणून दोघेही शिकले.

त्या वहीत गंमत झाली. पहिल्याच आठवड्यात दोघांच्या लक्षात आले की निम्म्या शब्दांना दुसरी बाजू लिहावी लागतच नाही. कन्नडातही अर्ज तो अर्जीच; कचेरी ती कचेरी; जमीन, जिल्हा, तालुका, तक्रार, वसुली, सरकार, जबाबदारी, रयत हे सारे थोड्याफार उच्चारभेदाने तेच. आपल्या मराठीतही तेच आहेत. शिवाजी महाराजांच्या काळी राज्यव्यवहारकोश तयार करवून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले, तरी अर्ज, जमीन आणि तक्रार आपल्या तोंडून गेले नाहीत ते नाहीतच. दादा म्हणत की ती वही लिहिताना त्यांना प्रथमच वाटले, आपण परक्या घरात आलो नाही, आपल्याच घराचा दरवाजा दुसऱ्या अंगाला काढला आहे. पुढे ते कन्नड वाचू लागले. मोठे पंडित झाले नाहीत. अक्षरही उर्दूसारखे देखणे झाले नाही. पण कन्नडातली टिपणी स्वतःच्या हाताने लिहून ते निवृत्त झाले.

त्या अधिकाऱ्याने काही मानसशास्त्र वाचले असेल असे मला वाटत नाही. पण त्याने जे केले तेच थोडे आधी, अमेरिकेत, एका कारखान्यात पद्धतशीर प्रयोग करून तपासले गेले होते. व्हर्जिनिया प्रांतात मॅरियन या गावी पायजमे शिवण्याचा हारवुड नावाचा कारखाना होता. कामगार बहुतेक स्त्रिया. तेथे कामाची पद्धत बदलली की उत्पादन घटे, कुरबूर होई, बाया नोकरी सोडून जात. लेस्टर कॉक आणि जॉन फ्रेंच या दोघांनी याचा अभ्यास केला आणि १९४८ साली तो प्रसिद्ध केला. त्यांना प्रथमच एक चमत्कारिक गोष्ट आढळली. अनुभवी कामगाराला नव्या पद्धतीवर आणले तर पूर्वीच्या वेगावर यावयास त्याला जितका काळ लागे, तो अगदी नवख्या मुलीला शिकण्यास लागणाऱ्या काळाहून अधिक असे! हात तर अनुभवी बाईचेच तयार. मग मागे का? कारण नवखीला शिकताना चढती पायरी दिसते, आणि अनुभवी बाईला आपण किती खाली आलो ते दिसते.

मग त्यांनी निरनिराळे गट केले. एका गटाला नेहमीप्रमाणे बोलावून सांगितले, कंपनीला बाजारात टिकावयाचे आहे म्हणून उद्यापासून असे काम करावयाचे. दुसऱ्या काही गटांत सर्व बायांना बसवून अडचण त्यांच्यापुढे ठेवली, खर्च कोठे वाचेल ते विचारले, नवी पद्धत त्यांच्या सूचनांवरून बसविली. पहिल्या गटाचे उत्पादन घटले ते वर येईना, आणि चाळीस दिवसांत शंभरास सतरा या प्रमाणात बाया काम सोडून गेल्या. विचारून केलेल्या गटांतून एकही गेली नाही, आणि थोड्याच दिवसांत त्यांचे काम पूर्वीपेक्षाही वाढले. कोणी म्हणेल, पहिल्या गटातल्या बायाच आळशी असतील. याचेही उत्तर त्या अभ्यासात आहे. त्याच पहिल्या गटात उरलेल्या तेरा जणींना अडीच महिन्यांनी दुसरे नवे काम दिले, या वेळी विचारून, बरोबर बसवून. त्यांचेही काम झपाट्याने वाढले. माणसे तीच; वागवण्याची रीत तेवढी बदलली.

आपल्या देशातही याला जोड आहे. अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये स्वयंचलित माग आणले, यंत्रे उत्तम होती, तरी कापड अपेक्षेइतके निघेना. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस १९५३ साली तेथे आले. त्यांनी पाहिले की दोनशे चोवीस मागांवर एकोणतीस माणसे, आणि त्यांत बारा प्रकारची कामे. कोण कोणाच्या हाताखाली, कोणाचा कोणाशी संबंध, हे कोणालाच धड ठाऊक नाही. त्यांनी सुचविले की लहान लहान टोळ्या कराव्यात आणि प्रत्येक टोळीने आपल्या मागांची सर्व जबाबदारी घ्यावी. ही कल्पना कामगारांनीच उचलून धरली, टोळ्याही त्यांनीच आपसांत पाडल्या, आणि काम सुधारले. यंत्रात एक खिळाही बदलला नव्हता.

आता माझ्या चुकीकडे येतो. काही वर्षांपूर्वी मी एका शाळेत होतो. शाळेचे नाव सांगण्याचे कारण नाही. मुलांच्या नोंदी संगणकावर चढविण्याचे काम माझ्याकडे आले. पदवी होती, प्रशिक्षण होते, शिवाय तरुणपणाचा उत्साह. तेथील कारकून निवृत्तीस आठ महिने उरलेले. दाखल-खारिज रजिस्टर हे त्यांचे राज्य. पस्तीस वर्षे त्यांनी ते सांभाळलेले. मी एका दुपारी सर्व शिक्षकांसमोर मोठ्याने म्हणालो, "साहेब, आता ही रजिस्टरे बंद. उद्यापासून सगळे यात." आणि हाताने यंत्र दाखविले. कोणीतरी हसले. ते काही बोलले नाहीत. कपाटाला कुलूप लावले, किल्ल्या माझ्यापुढे ठेवल्या आणि जागेवर जाऊन बसले. पुढचे आठ महिने ते वेळेवर येत, सही करीत, विचारले तेवढेच सांगत, आणि वेळेवर जात. त्यांनी काहीच विरोध केला नाही. मी समजलो, प्रश्न सुटला.

ते गेल्यावर वर्षभराने एक शेतकरी आपल्या मयत वडिलांच्या शाळाप्रवेशाची नोंद मागावयास आला. मुलाच्या शिक्षणासाठी दाखला काढावयाचा होता, मुदत चार दिवसांवर. आमच्या संगणकात ती नोंद नव्हती, कारण आम्ही जुनी रजिस्टरे चढविलीच नव्हती. कपाट उघडले. एका काळी वाळवी लागून काही रजिस्टरे नव्याने बांधली होती आणि त्यांचे क्रमांक बदलले होते. जुना क्रमांक कोणता आणि नवा कोणता याची यादी कोठेही लिहिलेली नव्हती. ती त्या कारकुनांच्या डोक्यात होती. शिवाय आरंभीची पाने उर्दूत, सन फसली. फसलीत ५९० मिळविले की इसवी सन येतो, हे मला दादांमुळे माहीत होते. पण वर्ष आजूर महिन्यात, म्हणजे ऑक्टोबराच्या सुमारास सुरू होत असल्यामुळे जानेवारीनंतरच्या महिन्यांना ५९१ मिळवावे लागतात, हे मी विसरलो आणि एक वर्षाने चुकलो.

शेवटी त्यांच्या घरी गेलो. जाताना पाय जड झाले होते हे कबूल करतो. त्यांनी चहा दिला, मुलाबाळांची विचारपूस केली, आणि मी कशासाठी आलो ते ऐकून क्षणभर डोळे मिटून म्हणाले, "दुसऱ्या खणात, खालून तिसरे, कापडी पाठीचे. पान अर्ध्याच्या पुढे." नोंद तेथेच होती. मी म्हणालो, "आपण तेव्हा सांगितले असते तर आम्ही यादी करून घेतली असती." त्यावर ते शांतपणे म्हणाले, "सर, तुम्ही विचारले नाहीत." एवढेच. मला आजवर मिळालेल्या शेऱ्यांत हा सर्वांत छोटा आणि सर्वांत खरा.

ही एका शाळेची गोष्ट म्हणून सोडून देता येईल. पण हीच गोष्ट केवढ्या मोठ्या प्रमाणावर घडू शकते ते आपल्या शेजारीच दिसले. महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मराठवाड्यातील निजामकालीन महसुली, शैक्षणिक व इतर कागदांतील कुणबी नोंदी शोधावयाच्या होत्या. एके काळी आपल्याच बीदर जिल्ह्यात असलेली उदगीर, निलंगा, अहमदपूर ही गावेही त्या मराठवाड्यातच येतात. ते कागद उर्दूत आणि मोडीत. तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणारी माणसे शोधण्याची धावाधाव झाली. आरक्षणाच्या प्रश्नावर मी येथे काही बोलत नाही. मला दिसते ते एवढेच की १९४८ नंतर ज्या मुन्शींना आणि मोडीनवीसांना आपण टपालाच्या नोंदीवर बसविले, त्यांच्यापाशी काय आहे हे समजावयास पंचाहत्तर वर्षे लागली. त्या वेळी एकेका कचेरीत दादांच्या वहीसारखी एकेक वही झाली असती, तर?

याचा अर्थ जुने जसेच्या तसे ठेवावे असा कोणी घेऊ नये. आमच्या शेतकरी सभासदांना आठवत असेल की २००० सालापर्यंत पहाणीच्या उताऱ्यासाठी गावच्या लेखपालामागे किती हेलपाटे घालावे लागत. कर्नाटक सरकारने भूमी योजनेखाली सुमारे ६७ लाख शेतकऱ्यांच्या दोन कोटी नोंदी संगणकावर आणल्या, तालुक्याच्या ठिकाणी खिडकीवर पंधरा रुपयांत उतारा मिळू लागला, आणि हाताने लिहिलेली पहाणी बाद ठरली. नऊ हजारांच्या आसपास लेखपालांच्या हातून एक मोठी सत्ता गेली. त्यांतील काहींची कुरकूर ही मानाची नव्हती, वरकमाईची होती. तिच्याबद्दल सहानुभूती बाळगण्याचे मला कारण दिसत नाही. बदल घडविणाऱ्याला हा विवेक करावाच लागतो. विरोध करणारा प्रत्येक जण दुखावलेला नसतो आणि गप्प बसणारा प्रत्येक जण राजी नसतो. परंतु भूमीतही एक गोष्ट शहाणपणाची झाली. संगणकात चढविलेल्या नोंदी मूळ दप्तराशी ताडून पाहण्याचे काम त्या लेखपालांकडेच दिले गेले. ज्याला शेत, बांध आणि मालक तोंडपाठ, त्याच्या नजरेखालून कागद गेला.

नवे नाणे आले तेव्हाही घाई झाली नाही, हे मला महत्त्वाचे वाटते. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. पण पाव पैसा तर निघत नाही. म्हणून एका आण्याचे सहा, दोनांचे बारा, तिनांचे एकोणीस आणि चारांचे पंचवीस असा तक्ता छापला गेला. भाजीवालीने एकेक आण्याच्या चार जुड्या निरनिराळ्या विकल्या तर तिला चोवीस पैसे मिळत, एकदम विकल्या तर पंचवीस. हा एक पैसा कोठे गेला, असे तिने विचारले तर ती अडाणी नव्हती; तिचा हिशेब बरोबर होता. जुनी आणि नवी नाणी काही वर्षे शेजारी शेजारी चालू दिली, तक्ते दुकानोदुकानी लागले, आणि तेवढ्या अवधीत लोकांच्या बोटांना सवय झाली. "चार आणे" हा शब्द तर अजून आपल्या तोंडी आहे.

हुकमाने पाटी बदलते, हे भालकीकरांना वेगळे सांगावयास नको. येथील हिरेमठाचे पूज्य डॉ. चन्नबसव पट्टदेवरू यांनी निजामी काळात शाळेवर उर्दू पाटी लावून आत मुलांना कन्नड शिकविले, ही गोष्ट आपल्याकडे घरोघर सांगितली जाते. ती त्यांच्या धैर्याची गोष्ट म्हणून सांगतात, आणि ती तशी आहेच. मी वर्गात ती सांगतो तेव्हा दुसरीकडेही लक्ष वेधतो. राज्यकर्त्यांना वाटत होते की पाटीप्रमाणे आतले चालले आहे. संस्था चालविणारे आपण सर्वजण थोडेबहुत त्याच भ्रमात असतो. परिपत्रक निघाले, सर्वांनी सही केली, म्हणजे बदल झाला असे आपण अहवालात लिहितो. आत काय चालले आहे ते बाकावर जाऊन बसल्याखेरीज कळत नाही.

आता आपल्या ट्रस्टकडे वळतो. आपले हिशेबनीस काका सर्वांना ठाऊक आहेत. संस्थेच्या पहिल्या वर्षापासूनची देणगीबुके, शिष्यवृत्तीची रजिस्टरे, वसतिगृहाच्या धान्याचा हिशेब, सारे त्यांच्या हातचे. त्यांची काही चिन्हे त्यांनाच कळतात. एखाद्या नावापुढे लहानसा टिंब आहे, त्याचा अर्थ त्या विद्यार्थ्याला वडील नव्हते आणि त्याची फी कोणा दात्याने नाव न सांगता भरली होती, असे मला परवा त्यांच्याकडून कळले. तो टिंब संगणकाच्या कोणत्या रकान्यात जाणार? ज्या सभेत ठराव झाला त्या सभेत ते मागच्या रांगेत बसले होते. त्यांना कोणी विचारले नाही. मीही नाही. दुसऱ्यांदा तीच चूक होत होती, आणि पहिल्या वेळेसारखे कोणी हसले नाही इतकाच फरक.

म्हणून मी आणि दोन विश्वस्त त्यांच्या घरी गेलो. आम्ही समजूत घालावयास गेलो नव्हतो. आम्हाला येत नाही ते विचारावयास गेलो होतो. त्यांनी पहिली पंधरा मिनिटे मोकळेपणाने रागच काढला, आणि आम्ही तो ऐकून घेतला. रागावर उत्तर देण्याची घाई करू नये असे माझे मत झाले आहे. बोलून झाले की माणूस स्वतःच कामाचे बोलू लागतो. तसेच झाले. जुनी रजिस्टरे वर्षभर चालू ठेवावी, संगणकातला आणि वहीतला हिशेब महिन्याच्या महिन्याला त्यांनी ताडून पाहावा, आणि जुन्या नोंदी त्यांच्या तोंडून ऐकूनच चढवाव्यात, या तीन गोष्टी त्यांनीच सुचविल्या. वर्षभर दुहेरी काम म्हणजे खर्च वाढणार, अशी शंका एका सभासदाने घेतली आहे. ती रास्त आहे. तो खर्च किती ते पुढील सभेत मांडू; पण माझ्या शाळेतल्या त्या शेतकऱ्याचे चार दिवस त्या हिशेबात धरावेत अशी माझी विनंती राहील.

सध्या दर शनिवारी दुपारी ते कार्यालयात येतात. आपल्याच वसतिगृहात राहून शिकलेली एक मुलगी संगणकावर बसते. काका वाचतात, ती टंकते. पहिल्या शनिवारी ती त्यांना सर म्हणत होती, आता आजोबा म्हणते. काकांनी यंत्राला अजून हात लावलेला नाही, पण परवा तिने चुकून एक रक्कम दोनदा चढविली ती त्यांनी पडद्यावर बोट ठेवून दाखविली. टिंबासाठी तिने एक निराळा रकाना केला आहे. त्याला नाव काय द्यावे यावर दोघांची चर्चा चालू आहे. हा लेख छापावयास देईपर्यंत पहिल्या चार वर्षांची पाने झाली होती.